फणस-आंब्याच्या लाकडाची दर्जेदार भांडी
(कोकणातील शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या परड्यात किंवा बांधावर एखादा तरी जुना फणस, रायवळ आंबा किंवा शिवण असतोच. झाड म्हातारे झाले किंवा वादळात पडले की ठेकेदार येतो आणि बुंधा जळाऊ लाकडाच्या भावाने जातो. त्याच लाकडाचे ताट, वाडगा किंवा तबक शहरातील दुकानात मात्र नगावर विकले जाते. वजनावर विकणे आणि नगावर विकणे यांतील फरक नक्षीकामामुळे पडतो, असा समज आहे. प्रत्यक्षात तो लाकूड नीट वाळवण्यामुळे पडतो. आजच्या व्याख्यानाचा मुख्य मुद्दा हाच आहे.

मी कृषिविद्या शिकवतो, म्हणून भाताचे उदाहरण देतो. कापलेले भात कडक उन्हात घाईने वाळवले तर दाण्याला चिरा जातात आणि गिरणीत कणी होते. बाहेरचा भाग लवकर सुकून आकसतो, आतला ओलाच राहतो, आणि त्या ओढाताणीत दाणा तडकतो. लाकडाचेही तसेच होते. शिवाय लाकूड सर्व बाजूंनी सारखे आकसत नाही. वाढीच्या वलयांच्या दिशेने ते जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच गाभ्याकडून सालीच्या दिशेने आकसते. त्यामुळे ओल्या लाकडाचा गोल वाडगा वाळल्यावर लंबगोल होतो किंवा फुटतो.

लाकडाची निवड

फणसाचे लाकूड पिवळे असते, उजेडाने ते तपकिरी होत जाते आणि त्याला चकाकी चांगली येते. शिवण हलके, फिकट आणि वाळताना कमी वाकणारे असल्यामुळे नवशिक्याला सोपे जाते. आंबा सहज मिळतो, पण त्याला कीड व बुरशी लवकर लागते. नारळाच्या खोडाचा फक्त बाहेरचा कठीण भाग घ्यावा, आतला भाग भुसभुशीत असतो. आंबा हा काजू व बिब्ब्याच्या कुळातला आहे. त्याच्या चिकाने व भुशाने काहींच्या अंगावर पुरळ उठते, म्हणून काम करताना नाकातोंडाला फडके बांधावे.

आंबा व फणस ही झाडे १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत. झाड स्वतःच्या जमिनीतील असले तरी कुऱ्हाड लावण्यापूर्वी वनखात्याच्या स्थानिक कार्यालयात परवानगीची चौकशी करावी.

तोड आणि वाळवण

तोड पावसाळा संपल्यावर, थंडीत करावी, म्हणजे पुढच्या पावसापर्यंत कोरडे महिने मिळतात. वादळ मात्र मुहूर्त पाहत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागातील बागा आडव्या झाल्या आणि पाठोपाठ पावसाळा आला. अशा वेळी ओंडके पावसात पडून राहिले, तर आंब्याच्या लाकडावर थोड्याच आठवड्यांत निळे-काळे डाग पडतात. म्हणून ओंडके लगेच छपराखाली घ्यावेत व पुढील कामे करावीत.

१) ओंडक्याच्या दोन्ही टोकांना वितळलेले मेण किंवा जाड रंग लावावा. पाणी टोकांतून सर्वांत वेगाने निघते आणि चिरा तेथूनच सुरू होतात.

२) ओंडक्याची जाडी जितकी, तितक्या लांबीचे तुकडे करावेत. प्रत्येक तुकडा मधोमध उभा चिरून मधला गर काढून टाकावा. गर ठेवलेले भांडे बहुधा तडकते. १४ इंच जाडीच्या, सुमारे साडेतीन फूट लांब ओंडक्याचे तीन तुकडे व सहा अर्धे भाग होतात. प्रत्येक भागातून साधारण ११ इंची एक वाडगा निघतो.

३) लेथवर काम करणाऱ्या कातारीकडून ओल्या लाकडाचा जाडसर वाडगा कातून घ्यावा. कडेची जाडी व्यासाच्या एक दशांश ठेवावी, म्हणजे १० इंची वाडग्याला १ इंच.

४) हे कच्चे वाडगे कागदी पिशवीत घालून सावलीत, जमिनीपासून उंच ठेवावेत. ऊन व थेट वारा लागू देऊ नये. बुरशी दिसल्यास पुसून पिशवी बदलावी.

५) दर पंधरा दिवसांनी वजन करून वाडग्यावरच पेन्सिलीने लिहावे. लागोपाठ तीन वेळा वजन सारखे आले, की लाकूड वाळले असे समजावे. यास चार ते सहा महिने लागतात. एप्रिल-मे महिन्यात अखेरचे कातकाम करून घ्यावे. पावसाळ्यात लाकूड हवेतील ओल पुन्हा ओढून घेते.

आकार आपल्या भूमीचा

सावंतवाडीची रंगीत लाकडी फळे व खेळणी प्रसिद्ध आहेत, पण ती शोभेची आहेत. ज्यात जेवायचे ते भांडे आतून गुळगुळीतच हवे, कारण कोरलेल्या रेघांत अन्न अडकते. म्हणून परिसराची ओळख नक्षीतून न देता आकारातून द्यावी. भातखाचराचा बांध पाणी अडवतो, तशी ताटाची किंचित उचललेली कड रस अडवते. खाचरांच्या पायऱ्यांसारख्या कडा तबकाच्या बाहेरील बाजूस शोभतात. वाडग्याची बाह्यरेषा सड्याच्या उतारासारखी पसरट ठेवावी, शिंपल्याचा आकार चटणीच्या वाटीला द्यावा. आपल्याकडील काथवट पाहा. तिच्यावर एकही फूल कोरलेले नसते, तरी ती हाताला व नजरेला बरी वाटते, कारण तिचा आकार कामातून आलेला असतो.

लेप

घाण्याचे शुद्ध जवसाचे तेल पातळ हाताने लावून जादा तेल पुसावे. प्रत्येक थर पूर्ण सुकू द्यावा. असे चार-पाच थर देऊन शेवटी मधमाश्यांचे मेण घासावे. रंगाच्या दुकानातील उकळलेल्या जवस तेलात लवकर सुकण्यासाठी धातूंची संयुगे घातलेली असू शकतात, ते टाळावे. खोबरेल तेल सुकत नाही व पुढे खवट होते. काजूच्या टरफलाचे तेल होडीला चालते, पण त्वचा भाजणारे असल्याने भांड्याला कदापि लावू नये. कीडनाशकात बुडवलेले लाकूडही वापरू नये. जवस तेलाची फडकी गोळा करून ठेवल्यास आपोआप पेट घेतात, ती पाण्यात भिजवून मगच टाकावीत.

विक्री

किंमत ठरवताना फुटलेल्या नगांचा खर्च टिकलेल्या नगांवर धरावा. दहा वाडग्यांतील तीन वाया गेले, तर सातांवर दहांचा खर्च बसतो. प्रत्येक नगासोबत चिठ्ठी द्यावी : झाड कोणते, गाव कोणते, कोणत्या वर्षी तोडले. तसेच भांडे पाण्यात भिजत घालू नये, धुऊन लगेच पुसावे, गरम रस्सा किंवा सोलकढी त्यात ठेवू नये, हेही स्पष्ट लिहावे. भाकरी, फळे व कोरड्या पदार्थांसाठी ते उत्तम आहे. या सूचनेमुळे गिऱ्हाईक दुरावत नाही. घरी नेल्यावर महिनाभरात तडकलेल्या वाडग्यामुळे मात्र ते कायमचे जाते, आणि आपल्या गावाचे नाव घेऊन जाते.

या थंडीत जे झाड काढणारच आहात, त्याचा एकच ओंडका ठेकेदाराला न देता मागे ठेवा. जवळच्या कातारीला सोबत घ्या, दहा वाडगे करा, वजने लिहून ठेवा आणि मे महिन्यात किती टिकले ते मोजा. तो हिशेब पाहूनच पुढचे ठरवावे.