बिल्ला आणि विमा



मोटारीच्या नाकावरचा बिल्ला पाहून तिचे कुळ ठरवावयाची आपणां सर्वांस सवय आहे, आणि कारखानदार ती पुरती ओळखून असतात. १९५२ साली इंग्लंडात ऑस्टिन व मॉरिस ही घराणी एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन झाले. कंपनी एक झाली, विक्रेते मात्र दोन तऱ्हांचेच राहिले. मग अलेक इसिगोनिस यांनी आखलेली ‘११००’ ही एकच गाडी १९६२ पासून मॉरिस, एमजी, ऑस्टिन, व्हान्डेन प्लास, वूल्सली आणि रायली अशा सहा नावांनी मिरवू लागली. सांगाडा एकच, १०९८ सीसीचे इंजिनही मुळात एकच. जाळी निराळी, एमजीला एक कार्ब्युरेटर जास्त, व्हान्डेन प्लासमध्ये अक्रोडाचे लाकूड. ते लाकूड खरे होते, एवढे श्रेय दिले पाहिजे!

गंमत अशी की, आज इंजिनाचे भाग या बहिणींना बहुतेक एकमेकींचे चालतात; अडते ते जाळीपाशी आणि लाकडापाशी. त्या काळी जे केवळ नावासाठी लावले, तेच आता दुर्मिळ. विमा उतरवताना हा खर्च कोण धरतो?

आपल्याकडचे पाहू. कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट ११०० वर १९७० नंतरच्या दशकात ‘प्रीमियर’ हे नाव चढले व ती ‘पद्मिनी’ झाली. लोक तिला फियाटच म्हणत राहिले. अशी आजोबांची गाडी पुष्कळ घरी जपलेली असते. पाच वर्षांवरच्या गाडीची विम्याची किंमत मालक व कंपनी यांनी परस्परसंमतीने ठरवावयाची असते. आपण हप्ता वाचावा म्हणून ती कमी लिहितो. समजा, चाळीस हजार लिहिली. एखाद्या ट्रकने दार व मडगार्ड चेपले, पत्र्याचे काम बत्तीस हजारांवर गेले. खर्च ठरल्या किमतीच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला की गाडी संपूर्ण नष्ट झाली असे धरतात. इंजिन चालू, चाके फिरताहेत, आणि कागदोपत्री गाडी मेलेली!

म्हणून पद्मिनीवर फियाटचा जुना बिल्ला चिकटवून भाव वाढवू पाहणाऱ्यांची आम्हांस कीवच येते. सर्व्हेअर चासीचा क्रमांक पाहतो, आणि विम्याचा करार खऱ्या माहितीवरच उभा असतो. त्यापेक्षा गाडीची छायाचित्रे, दुरुस्तीची बिले आणि जाणत्याकडून करविलेले मूल्यांकन पॉलिसी घेण्याआधीच कंपनीपुढे ठेवावे. पॉलिसी हाती आली की हप्त्याच्या आधी किमतीचा रकाना वाचावा.