मुलाचा ताबा : कोर्टाची पायरी चढण्यापूर्वी

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



गणपतीच्या मंडपात हा विषय कशाला, असे काही जणांना वाटले असेल. पण आपल्याच कॉलनीतल्या घरांतून हा प्रश्न आता उभा राहतो आहे. त्या वेळी सल्ला देणारे काका-मामा पुष्कळ भेटतात, माहिती देणारे कमी. मी वकील नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला इंजिनीअर आहे. धाकट्या बहिणीच्या प्रकरणात तीन वर्षे तिच्याबरोबर तारखांना गेलो, फाईल सांभाळली, कायद्याची पुस्तके चाळली. त्यातून जे समजले तेवढेच सांगणार आहे.

सर्वात आधी एक गोष्ट लक्षात घ्या. ताब्याच्या अर्जात कोर्टापुढचा मुख्य प्रश्न नवरा चुकला की बायको, हा नसतो. मुलाचे हित कशात आहे, हा असतो. १८९० चा पालक व पाल्य कायदा सर्व धर्मीयांना लागू आहे. हिंदूंसाठी १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्व कायदा आहे, त्याचे कलम १३ मुलाचे हित सर्वोपरि मानते. घटस्फोटाचा दावा चालू असेल तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली त्याच कोर्टात ताबा मागता येतो. मुले ही आई-बापांची मालमत्ता नव्हेत आणि खेळणीही नव्हेत, असे सर्वोच्च न्यायालयाने रोझी जेकब खटल्यात १९७३ सालीच सांगितले आहे. तरीही आपण चाळीस पानांच्या अर्जात सदतीस पाने एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या लिहितो. मूल किती वाजता उठते, त्याला कोण शाळेत सोडते, ताप आला तर रात्री कोण जागते, हे उरलेल्या तीन पानांत कोंबतो. खरे तर उलट हवे.

काही गैरसमज चटकन उरकतो. पाच वर्षांपर्यंत मूल आईकडेच, असे लोक सांगतात. कायद्यातला शब्द 'सामान्यतः' असा आहे, म्हणजे अपवाद असू शकतो. मुलगा वडिलांचाच, असा कुठलाही नियम नाही. ज्याचा पगार जास्त त्याला मूल, हेही खरे नाही. त्यासाठी पोटगीची तरतूद आहे. मुलाला स्वतःचे मत असण्याइतकी समज आली असेल तर कोर्ट ते विचारात घेऊ शकते, त्याला वयाची ठरावीक रेषा नाही. न्यायाधीश मुलाशी आपल्या दालनात एकट्याने बोलतात, तेव्हा पढवून आणलेले उत्तर लपत नाही. आणि आई ही वडिलांच्या मृत्यूनंतरच पालक, हा समज १९९९ च्या गीता हरिहरन निकालाने दूर केला आहे.

आता आपल्यासारख्या परप्रांतात राहणाऱ्यांचा खास प्रश्न. नोकरी इथे खरगपूरला, माहेर नागपूरला. भांडण झाले, ती मुलाला घेऊन मेलने नागपूरला गेली. दावा कुठे चालणार? १८९० च्या कायद्याप्रमाणे मूल सामान्यतः जिथे राहते तिथल्या कोर्टात. 'सामान्यतः राहणे' हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. सुट्टीत आजोळी गेलेले मूल तिथले होत नाही. पण तिथल्या शाळेत नाव घातले, वर्ष-दोन वर्षे गेली, की चित्र बदलते. म्हणून 'राग शांत होईल, सहा महिने थांबू' असे म्हणणाऱ्या वडिलांना मी सांगतो, बोलणी जरूर करा, पण त्याच वेळी लेखी पत्र पाठवा आणि वकिलाला भेटा. पत्नीलाही हे ठाऊक असावे की २००३ च्या दुरुस्तीनंतर ती जिथे राहते तिथे घटस्फोटाचा अर्ज करू शकते. एका राज्यातले प्रकरण दुसऱ्या राज्यात हलवायचे असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २५ खाली सर्वोच्च न्यायालयात जावे लागते. वैवाहिक प्रकरणांत तिथे पत्नीच्या गैरसोयीला बरेच वजन दिले जाते.

मूळ अर्जाचा निकाल लागायला वर्षे जातात. मूल तोवर थांबत नाही, ते मोठे होत असते. म्हणून अंतरिम ताब्याचा किंवा भेटीचा अर्ज पहिल्या तारखेलाच द्यावा, कलम १२ खाली तशी सोय आहे. आणि हा अर्ज कसा लिहावा, यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे आपला रेल्वेचा अनुभव कामाला येतो. 'अर्जदारास मुलाची भेट मिळावी' एवढेच मागितले तर आदेशही तेवढाच मोघम येतो, आणि मग दर शनिवारी दारात भांडण. आपल्या वर्किंग टाइम टेबलसारखी मागणी लिहा. कोणता वार, किती वाजता, कुठे, मुलाला कोण आणणार, कोण परत सोडणार, मूल आजारी असेल तर पर्यायी दिवस कोणता. हजारएक किलोमीटर अंतर असेल तर दर पंधरवड्याची भेट कागदावरच राहते. त्याऐवजी उन्हाळी सुट्टीचा अर्धा भाग, दिवाळी आणि गणपती आलटून पालटून, आणि ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल असे मागावे. फोन आणि व्हिडिओवरचा संपर्क हासुद्धा मुलाचा आणि पालकाचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने यशिता साहू प्रकरणात २०२० साली म्हटले आहे. आरक्षण आता साठ दिवस आधी सुटते, तेव्हा सुट्टीच्या तारखा त्याच्या आत एकमेकांना लेखी कळवाव्यात, ही अटही घालून घ्या. गेल्या वर्षी आपल्याच एका सहकाऱ्याने ती घातली आणि दोन्ही घरांची कटकट वाचली.

घरात मारहाण असेल तर मात्र हा समजुतीचा मार्ग धरून बसू नका. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम २१ खाली दंडाधिकारी तात्पुरता ताबा देऊ शकतात, आणि भेटीने मुलाला अपाय होणार असेल तर ती नाकारूही शकतात.

पोटगी आणि भेट यांची सांगड घालू नये. पैसे आले नाहीत म्हणून मूल दाखवत नाही, मूल दाखवत नाही म्हणून पैसे देत नाही, या दोन्हींमुळे आपलीच बाजू लंगडी होते. पोटगीचे जुने कलम १२५ आता १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले आहे. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र द्यावे लागते. पगारपत्रक तर आपले ऑफिसातून निघतेच, लपवण्यात अर्थ नाही.

फाईल मात्र स्वतःची स्वतः ठेवा. शाळेचे बोनाफाईड, प्रगतीपुस्तक, फीच्या पावत्या, लसीकरणाचे कार्ड, रेल्वे हॉस्पिटलची कागदपत्रे तारीखवार लावा. प्रत्येक आदेशाची प्रमाणित नक्कल काढा. प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो, तो टाकला की पुढची तारीख ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर दिसते, वकिलाला दहा फोन करावे लागत नाहीत. भेट झाली की वहीत दोन ओळी लिहा : वेळेवर झाली का, मूल कसे होते. तक्रारी नकोत, नोंदी हव्यात. आणि मुलाला न सांगता शाळेतून परस्पर उचलून आणणे, त्याच्याकडून दुसऱ्या पालकाविरुद्ध बोलवून घेऊन रेकॉर्ड करणे, हे कृपा करून करू नका. कोर्टात ते तुमच्याच अंगावर येते, आणि मुलाचे जे होते ते वेगळेच.

१९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याप्रमाणे वकील हा तिथे हक्क नाही, स्वतः उभे राहता येते. समझोत्याचा प्रयत्न करणे हे त्या कोर्टाचे कर्तव्यच आहे, समुपदेशकापुढे मोकळेपणाने बोला. पण उलटतपासणीला वकील हवाच, असे माझे मत आहे. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याखाली स्त्रियांना आणि मुलांना मोफत वकील मिळतो, त्यांचे उत्पन्न पाहिले जात नाही. अनुसूचित जाती-जमाती, अपंग, औद्योगिक कामगार आणि ठरावीक मर्यादेखालचे उत्पन्न असलेलेही त्या यादीत आहेत. १५१०० हा त्यांचा फोन क्रमांक आहे. दोघांत समझोता झाला तर तो नोटरीच्या स्टॅम्प पेपरवर ठेवून घरी नेऊ नका, कोर्टात दाखल करून त्याचा आदेश करून घ्या. म्हणजे उद्या कोणी फिरले तर अंमलबजावणी मागता येते.

शेवटी, ताब्याचा आदेश कायमचा नसतो. बदली झाली, मुलाची शाळा बदलली, आईने किंवा वडिलांनी पुन्हा लग्न केले, परिस्थिती पालटली की बदलासाठी अर्ज करता येतो. आज महिन्यातून दोन तास मिळाले म्हणून कोणी खचू नये. ते दोन तास वेळेवर जाऊन पार पाडावेत, आणि सहा महिन्यांनी वही आणि तारखा पुढे ठेवून अधिक वेळ मागावा. माझ्या भाच्याच्या वडिलांनी तसेच केले. आज तो शाळकरी मुलगा मे महिना त्यांच्याकडे काढतो, आणि बहिणीची त्याला हरकत नाही.

आरतीला अजून अर्धा तास आहे. ज्यांना आपले कागद दाखवायचे असतील त्यांनी मंडपामागच्या खोलीत यावे, तिथे दार लावून बसता येईल.