कन्व्हर्ज: तीस वर्षांचा गोंगाट आणि पोटापाण्याचा प्रश्न

(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातले काही 'अं' आणि 'म्हणजे' काढलेत, सगळे नाही.)

हेडफोन लावून ऐकत असाल तर आवाज आत्ताच जरा कमी करून ठेवा. भाग संपल्यावर तुम्ही ही गाणी शोधायला जाणार आणि मग तुमचे कान माझ्या नावाने बोटं मोडणार.

आजचा बँड आहे कन्व्हर्ज. गाव सेलम, राज्य मॅसॅच्युसेट्स, देश अमेरिका. बॉस्टनहून ट्रेनने साधारण अर्धा तास. हे तेच सेलम, जिथे 1692 मध्ये जादूटोण्याच्या आरोपावरून खटले चालले आणि 19 माणसांना फासावर चढवलं गेलं. त्या गावात 1990 च्या सुमारास दोन शाळकरी पोरं एकत्र आली. जेकब बॅनन गाणार आणि कर्ट बलू गिटार वाजवणार. 'गाणार' हा शब्द मी जरा सैल अर्थाने वापरतोय, त्याकडे येऊच.

ही दोन पोरं, म्हणजे आता पन्नाशीच्या आसपासची दोन माणसं, अजूनही त्याच बँडमध्ये आहेत. आता तुमच्या कॉलेजमधला बँड आठवा. किती टिकला? एक गॅदरिंग, दोन कॉम्पिटिशन, मग एकाला नोकरी लागली, एक बाहेरगावी गेला, ड्रमर कुणाचा फोन उचलेना. संपलं. तर कन्व्हर्जचं हे तीस-पस्तीस वर्षं चाललं कसं? आणि तेही असं संगीत करून, जे रेडिओवर लागत नाही, लग्नात वाजत नाही, आणि घरात लावलं तर आई विचारते, "मशीन बिघडलंय का?"

आधी दोन मिनिटं या संगीताबद्दल. ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढे सरकवा.

हार्डकोर हे पंकचं जास्त वेगवान, जास्त चिडलेलं भावंड. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ते जोरात आलं. वॉशिंग्टनमध्ये बॅड ब्रेन्स, मायनर थ्रेट, आणि बॉस्टनमध्येही स्वतःचा एक दणकट कंपू. गाणी दीड-दोन मिनिटांची. कार्यक्रम कुठल्या तरी भाड्याच्या हॉलमध्ये, स्टेज असलंच तर गुडघ्याइतकं उंच. आणि एक अलिखित नियम: सगळं स्वतः करायचं. कॅसेट स्वतः काढायची, पोस्टर स्वतः चिकटवायचं, दुसऱ्या गावातल्या बँडला स्वतःच्या घरी जमिनीवर झोपायला जागा द्यायची. दुसऱ्या बाजूला मेटल. तिथे वादनाची तयारी जबरदस्त, गिटारचे तुकडे अवघड, आवाज जाडजूड. नव्वदच्या दशकात या दोन बिऱ्हाडांची पोरं एकमेकांच्या घरी जायला लागली आणि त्यातून जे झालं त्याला मेटलकोर म्हणतात. कन्व्हर्ज त्या पहिल्या पिढीतले.

आता ते गाण्याचं. बॅनन शब्द म्हणत नाही, फेकतो. पहिल्यांदा ऐकताना एकही शब्द कळणार नाही याची मी खात्री देतो. मला यावर सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न म्हणजे, "शब्दच कळत नाहीत तर ऐकायचं काय?" माझं उत्तर साधं आहे. तराणा ऐकताना आपण 'तोम तननन'चा अर्थ विचारतो का? तिथे आवाज हेच वाद्य असतं. इथेही तसंच ऐका. फरक एवढाच की इथे शब्द खरे लिहिलेले असतात, नेटवर मिळतात, आणि वाचले की लक्षात येतं, हा माणूस व्यवस्थेविरुद्ध घोषणा वगैरे देत नाहीये. बहुतेक वेळा तो कुणाला तरी गमावल्याबद्दल बोलतोय.

पहिली दहा वर्षं मी भराभर ओलांडतो. डेमो, छोटी लेबलं, माणसं आली, माणसं गेली. 1998 मध्ये 'व्हेन फॉरेव्हर कम्स क्रॅशिंग' आला तोवर हार्डकोरच्या वर्तुळात नाव झालं होतं. बास वाजवणारा नेट न्यूटन आला, मग ड्रमर बेन कोलर आला. ऐकणारे वाढत होते, पण घर चालेल असे पैसे त्यात नव्हते. बलू इंजिनिअरिंग शिकलेला होता आणि वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी करत होता. नोकरी सांभाळून बँड, आणि शिवाय गॉडसिटी नावाचा छोटा स्टुडिओ. हो, नाव गॉडसिटी. चेटकिणींच्या गावात.

मग येतं 2001.

त्या वर्षी बलूची नोकरी गेली. कंपनीने माणसं कमी केली, त्यात हा. हातात भरपाईची थोडी रक्कम आली. आता आपल्याकडे अशा वेळी घरचे काय सांगतील ते तुम्हाला माहीत आहे: एफडी कर आणि दुसरीकडे अर्ज टाक. याने त्या पैशातून स्टुडिओसाठी सामान घेतलं. त्याच उन्हाळ्यात बँडने नवा अल्बम रेकॉर्ड केला. त्याच काळात दुसरा गिटारवादक ॲरन डालबेक बँडमधून बाहेर पडला. त्याच्या दुसऱ्या बँडचं काम वाढलं होतं आणि दोन्हीकडे पुरं पडणं जमेना. राहिले चौघं. ते चौघं आजही तेच आहेत.

तो अल्बम म्हणजे 'जेन डो'. 4 सप्टेंबर 2001 ला आला. नावाचा अर्थ सांगायला हवा. अमेरिकेत पोलिसांना किंवा हॉस्पिटलला एखादी स्त्री सापडली आणि तिची ओळख पटली नाही, तर कागदावर 'जेन डो' लिहितात. आपल्याकडे पंचनाम्यात 'अनोळखी स्त्री' लिहितात तसं. बॅननचं एक नातं तुटलं होतं आणि सगळा अल्बम त्याभोवती आहे. 12 गाणी, साधारण पाऊण तास. सुरुवात 'कॉन्क्युबाइन'ने. ते पूर्वसूचना न देता अंगावर येतं आणि दीड मिनिट व्हायच्या आत संपतं. शेवटचं गाणं, अल्बमच्याच नावाचं, अकरा मिनिटांच्या वर जातं. मधल्या गाण्यांत जी आदळआपट होते ती इथे हळूहळू थकत जाते. माझ्या मते अल्बमची सगळी ताकद या शेवटच्या गाण्यात आहे. पहिल्या गाण्यावर घाबरून जे थांबतात, ते यालाच मुकतात. ब्रिटनच्या 'टेररायझर' मासिकाने याला वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरवलं.

पण 'जेन डो' मुळे ते श्रीमंत झाले नाहीत. आणि इथून पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

पुढच्या दोन-तीन वर्षांत 'मेटलकोर' हा शब्द एकदम बाजारात आला. त्याच मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या किलस्विच एंगेजने एक सूत्र पक्कं केलं: कडव्यात आरडाओरडा, ध्रुवपदात सुरेल गाणं. छान जमलं त्यांना, मला आवडतात ते. शेकडो बँड त्या रस्त्याने गेले. कन्व्हर्जला तो रस्ता दिसत नव्हता असं थोडंच आहे? दारासमोरून जात होता. 2004 मध्ये ते एपिटाफ या मोठ्या पण स्वतंत्र लेबलवर गेले, 'यू फेल मी' काढला, आणि तो 'जेन डो' पेक्षाही जास्त ओबडधोबड, कोरडा आहे. सुरेल ध्रुवपद शोधून सापडत नाही.

हे परवडलं कसं? तर त्यांनी बँडकडून पगार मागितलाच नाही. बँडच्या आजूबाजूला जी कामं असतात ती स्वतः शिकले आणि त्यावर घर चालवलं. म्हणजे बघा, बलू दुसऱ्यांचे अल्बम रेकॉर्ड करू लागला. सेलमच्या त्या स्टुडिओत नेल्स आले, नॉर्वेहून क्वेलर्टाक आले, कोड ऑरेंज आले, हाय ऑन फायर आले. हाय ऑन फायरच्या 'इलेक्ट्रिक मेसायाह'चा निर्माता बलूच, आणि 2019 मध्ये त्यातल्या त्याच नावाच्या गाण्याला सर्वोत्तम मेटल सादरीकरणाचं ग्रॅमी मिळालं. वर गडी गिटारचे इफेक्ट पेडल बनवून विकतो, आणि ज्यांना सोल्डरिंग येतं त्यांच्यासाठी नुसते सर्किट बोर्डही. इंजिनिअरिंगची डिग्री वाया गेली म्हणणाऱ्यांनी इकडे लक्ष द्यावं.

बॅननचं वेगळं. तो चित्रं काढतो, ग्राफिक डिझाइन करतो. कन्व्हर्जची मुखपृष्ठं त्याची, आणि इतर बऱ्याच बँडचीही. शतक बदलता बदलता त्याने एका मित्रासोबत डेथविश नावाचं लेबल सुरू केलं. डेफहेवनचा 2013 मधला 'सनबेदर', तो गुलाबी मुखपृष्ठाचा, आठवतोय? तो डेथविशचा. न्यूटन आणि कोलर दोघेही इतर बँडमध्येही वाजवतात. चौघांपैकी एकालाही फक्त कन्व्हर्जवर जगायचं नव्हतं, म्हणून कन्व्हर्जला कुणाच्या मनासारखं वाजवावं लागलं नाही. मला तरी त्यांच्या टिकण्याचं कारण हेच दिसतं.

याचा एक गमतीदार फायदा सांगतो. 'यू फेल मी'चं मिक्सिंग त्यांच्या मनासारखं झालं नव्हतं. बहुतेक बँड अशी खंत मुलाखतीत बोलून दाखवतात आणि विसरतात. यांचा स्टुडिओ घरचा. 2016 मध्ये बलूने तो अख्खा अल्बम पुन्हा मिक्स केला आणि 'रिडक्स' म्हणून काढला. बारा वर्षांनी!

हे ऐकून उद्या राजीनामा देऊ नका, प्लीज. पदवी होती, नोकरीतून मिळालेले पैसे होते, आणि 'जेन डो' येईपर्यंत बँडला अकरा वर्षं झाली होती. शिवाय अमेरिकेत व्हॅन घेऊन पन्नास शहरांत वाजवता येतं. प्रत्येक ठिकाणी शंभर-दीडशे माणसं तरी येतात. ती सोय सगळीकडे नसते.

आणि एक गोष्ट मला खटकते, ती बोलतोच. 'जेन डो'चं मुखपृष्ठ तुम्ही पाहिलं असेल, बँड माहीत नसला तरी. अर्धवट पुसलेला एका स्त्रीचा चेहरा. टी-शर्टवर, टॅटूवर, सगळीकडे. साधारण वीस वर्षांनी उघड झालं की तो चेहरा एका फ्रेंच मॉडेलचा आहे आणि मूळ फोटो इटलीतल्या एका फॅशन मासिकात छापून आला होता. अल्बमचं नाव 'अनोळखी स्त्री', आणि मुखपृष्ठावरची खरीखुरी बाई दोन दशकं अनोळखीच. पंकमध्ये मासिकांची कात्रणं कापून चिकटवायची परंपराच आहे, मान्य. पण जो बँड 'सगळं स्वतः करा' याचं उदाहरण म्हणून आपण सांगतो, त्याच्या सगळ्यात प्रसिद्ध चित्रात एक फोटोग्राफर आणि एक मॉडेल बिननावाचे होते, हेही त्याच दमात सांगायला हवं.

नंतरचे अल्बम? 'ॲक्स टू फॉल' 2009, पाहुण्या कलाकारांनी भरलेला. 'ऑल वी लव्ह वी लीव्ह बिहाइंड' 2012, तिथे एकही पाहुणा नाही. मग पाच वर्षं गॅप आणि 2017 मध्ये 'द डस्क इन अस'. यातलं पहिलं गाणं, 'अ सिंगल टिअर', आई-बाप झाल्यावर माणसाचं काय होतं यावर आहे. चाळिशीतला माणूस तितक्याच जोरात ओरडतोय, पण यावेळी कारण वेगळं आहे. आपल्यापेक्षा लहान जिवाची काळजी. ही गोष्ट पंचविशीतला बॅनन लिहूच शकला नसता. 2021 मध्ये 'ब्लडमून' आला, गायिका चेल्सी वुल्फसोबत. तो संथ आहे, लांबलचक आहे, आणि जुन्या चाहत्यांपैकी काहींनी नाकं मुरडली. मुरडू देत.

तर ऐकायचं कुठून? 'जेन डो'पासून सुरुवात करू नका, सगळे तेच सांगतात आणि माणूस पळून जातो. आधी 'ॲक्स टू फॉल'मधलं 'डार्क हॉर्स' ऐका. सुरुवातीचे ड्रम ऐकून पाय हलला नाही तर हा प्रांत तुमचा नाही, काही बिघडत नाही. हलला, तर 'अ सिंगल टिअर', शब्द समोर ठेवून. आणि मग एखाद्या रात्री, उद्या सुट्टी असताना, 'जेन डो' पहिल्यापासून शेवटपर्यंत. शफल बंद करून. त्या शेवटच्या गाण्यापर्यंत पोचलात की मला मेसेज टाका, कितीही वाजले असले तरी चालेल.