बांधण्याआधीचा अर्धा तास



पुण्यातल्या या परिषदेत आपलं मनःपूर्वक स्वागत. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी या चारही प्रादेशिक मनोरुग्णालयांतली मंडळी आज इथे आहेत, बांबोळीहून गोव्याचे सहकारीही आले आहेत. रात्रपाळी संपवून थेट गाडीत बसलेल्या सिस्टर आणि परिचरांचं स्वागत मी आधी करते. आजचा विषय त्यांच्या हातांचा आहे.

मीही परिचारिकाच. माझ्या हातांनी मी रुग्णांना खाटेला बांधलं आहे. एक बाई संध्याकाळपासून दार ठोठावत होत्या. ‘मुलीला फोन लावून द्या’ एवढंच म्हणणं. फोनची वेळ संपली होती. शेवटी त्यांनी ताट भिरकावलं आणि आम्ही चौघांनी त्यांना बांधलं. वॉर्ड शांत झाला. मुलीचा बारावीचा पहिला पेपर होता, हे आम्हाला सकाळी कळलं. बांधण्याआधीच्या अर्ध्या तासात कुणीच त्यांना ‘फोन कशासाठी?’ म्हणून विचारलं नव्हतं.

बांधणं जिवावरही बेततं: 2001 साली तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांना ठेवलेल्या जागी आग लागली, तेव्हा साखळदंडांत अडकलेल्या 28 जणांचा जीव गेला. आज 2017चा मानसिक आरोग्यसेवा कायदा साखळीला आणि एकांतकोंडीला साफ मनाई करतो. तात्काळ इजा टाळायला दुसरा मार्गच नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीने, अगदी गरजेपुरतंच बांधता येतं. शिक्षा म्हणून नाही, माणसं कमी आहेत म्हणूनही नाही. रात्री एकटीवर अख्खा वॉर्ड असलेल्या सिस्टरला हे वाचून काय वाटतं, ते मला ठाऊक आहे. तिला माणसं द्यावीच लागतील, आणि कौशल्यही.

ते कौशल्य शिकता येतं. इंग्लंडमध्ये लेन बोवर्स आणि सहकाऱ्यांनी ‘सेफवॉर्ड्स’ ही पद्धत 15 रुग्णालयांतल्या 31 वॉर्डांत तपासली. 2015 साली निष्कर्ष आले: तुलनेच्या वॉर्डांपेक्षा संघर्षाचे प्रसंग 15 टक्क्यांनी, तर बळाने धरून ठेवणं, कोंडणं यांसारखे उपाय 26.4 टक्क्यांनी कमी. त्यात यंत्र नाही की नवं औषध नाही. नकार द्यायचा तर मऊ शब्दांत द्यायचा. रुग्णाला वाईट बातमी कळणार असेल, तर आधीच त्याच्याजवळ जाऊन बसायचं. चिडलेल्या माणसाशी आवाज न चढवता बोलत राहायचं. बरं होऊन घरी निघालेल्याने मागे राहणाऱ्यांसाठी भिंतीवर चार ओळी लिहून जायच्या.

या परिषदेत उद्या सकाळी सर्वांत आधी बोलणार आहेत ती एकेकाळी बांधली गेलेली माणसं. त्यांचं स्वागत मी हात जोडून करते. आपणा सर्वांना एकच विनंती: आपल्या वॉर्डात शेवटचं कुणाला बांधलं ते आठवा, आणि त्याआधीच्या अर्ध्या तासात त्या माणसाने काय मागितलं होतं, ते इथे सांगा. आपली चर्चा तिथूनच सुरू होऊ दे.