बेरीज सरासरीची आणि बेरीज विचलनाची

(मंडळाच्या सभेत दिलेल्या भाषणाचा सारांश)



ज्या नगरीत 1931 साली भारतीय सांख्यिकी संस्थेची स्थापना झाली, त्या नगरीत संख्याशास्त्रावर बोलावयास उभे राहणे हे धाडसच होय. म्हणून आम्ही प्रारंभ आपल्याच पंगतीपासून करतो.

गणेशोत्सवाच्या महाप्रसादास शंभर कुटुंबांना निमंत्रण आहे असे समजा. प्रत्येक घरची सरासरी तीन पाने, प्रमाण विचलन दोन पानांचे. कोणाकडे पाहुणे असतात, कोणी एकटाच येतो. सरासरींची बेरीज सरळ आहे, ती तीनशे. विचलनेही तशीच मिळविणारा व्यवस्थापक दोनशे पानांची धास्ती घेईल. पण ती अनाठायी होय. एका घरची उणीव दुसऱ्या घरच्या आधिक्याने पुष्कळशी भरून निघते. म्हणून विचलने न मिळविता त्यांचे वर्ग, म्हणजेच प्रचरणे, मिळवावयाची असतात. शंभर वेळा चार म्हणजे चारशे, आणि त्याचे वर्गमूळ वीस. तीनशे चाळीस पानांची सिद्धता केली की यजमानास बहुधा निश्चिंत राहता येते.

मात्र येथे एक अट आहे. सरासरींच्या बेरजेस ती लागत नाही, वर्गांच्या बेरजेस लागते. घरोघरचे येणे परस्परस्वतंत्र असले पाहिजे. भाद्रपदातील पावसाने येथील रस्ते तुंबले, की सर्वच पाने एकदम घटतात आणि विसाचा हिशेब कोलमडतो.

ही अट केवळ पंगतीपुरती नाही. सातारा जिल्ह्यातील बुध गावी 1911 साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनहून परतल्यावर काही काळ याच शहरात अध्यापन करीत होते. पुढे जागतिक अन्न व शेती संघटनेत त्यांनी भुकेची गणती हाती घेतली. माणसामाणसांच्या आहारात फरक असतो, तसाच एकाच माणसाच्या आहारात दिवसादिवसांचाही असतो. एकूण प्रचरण या दोहोंच्या बेरजेने बनते. दिवस परस्परस्वतंत्र असते, तर सात दिवसांच्या सरासरीत दिवसादिवसांचे प्रचरण सातपटीने घटले असते. परंतु आजचा दिवस कालच्या दिवसाशी बांधलेला असतो, म्हणून ते तितके घटत नाही, असे सुखात्म्यांचे प्रतिपादन होते. त्यावरून सरासरीखाली खाणारा प्रत्येक जण उपाशी नव्हे, उपासमारीची रेषा सरासरीच्या दोन विचलने खाली धरावी, असे ते म्हणत. पुण्याच्याच प्रा. वि. म. दांडेकरांनी या मताला 1980 नंतरच्या वर्षांत कसून विरोध केला. रेषा खाली सरकली की खरोखरीचे उपाशी गणतीतून निसटतील, अशी टीकाकारांना भीती होती.

दोन मराठी विद्वानांचा हा वाद वरवर वर्गमुळांचा होता. त्याच्या तळाशी लक्षावधी ताटे होती. 1943 च्या दुष्काळात याच शहराच्या पदपथांवर भुकेली माणसे कोसळली, तेव्हा एका घरची उणीव भरून काढण्यास शेजारच्या घरी आधिक्य उरलेच नव्हते. म्हणून आमची विनंती एवढीच, की बेरीज करण्यापूर्वी ही संकटे वेगवेगळी येणारी आहेत की एकदम, हे आधी विचारावे.