इरकल लुगड्यातील रेषा आणि प्रमाण

इळकल हे गाव कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात आहे. तरी तेथील लुगड्याला 'इरकल' हे नाव देऊन मराठी घरांनी ते केव्हाच आपलेसे केले आहे. वेशभूषेतील रेषा, प्रमाण, समतोल यांची चर्चा हल्ली शास्त्रीय परिभाषेत चालते. इळकलच्या विणकरापाशी ती परिभाषा नसेल, पण तिचा आशय त्याच्या मागावर आहे.

जुन्या पद्धतीच्या इरकलीत अंगाचा ताणा सुताचा आणि पदराचा रेशमाचा असे. हे दोन ताणे वेगळे तयार करून एकाचे फास दुसऱ्यात अडकवून जोडायचे. या पदराला मराठी स्त्रिया टोपपदर म्हणतात. अशा जोडणीमुळे प्रत्येक लुगड्यासाठी निराळा ताणा घ्यावा लागतो. काम किचकट खरे. परंतु लुगडे किती वार, पदर कोठे सुरू व्हायचा, हे पहिला धोटा फेकण्यापूर्वीच ठरलेले असते.

रंगांचेही तसेच. अंगाचा रंग गडद व शांत, काठ तांबडा. आणि तांबड्यावर पांढरे असा ठसठशीत विरोध मात्र पदरापुरताच राखलेला. तेथे कंगव्याच्या दात्यांसारख्या, कणसांसारख्या आकृती उठतात. साहजिकच पाहणाऱ्याची दृष्टी खांद्याकडे, तेथून चेहऱ्याकडे जाते. हीच नक्षी अंगभर पसरली असती, तर दृष्टीला थारा उरला नसता.

काठाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. नऊवारीच्या कासोट्यात रुंद काठ पोटऱ्यांवरून तिरपा चढत कमरेशी जातो, आणि ती रेषा अंगाला उंची देते. सहावारीत तोच काठ पावलांभोवती आडवा फिरतो. ठेंगण्या बांध्याच्या स्त्रीला तो अधिकच ठेंगणी दाखवतो. यात दोष तिचाही नव्हे आणि काठाचाही नव्हे. नेसण बदलली की काठाचे मापही नव्याने बसवावे लागते. खणाच्या चोळीत काठ नेमका दंडावर यावा म्हणून किती काळजीने बेततात!

१९८५ च्या कायद्याने काही वस्त्रप्रकार हातमागासाठी राखून ठेवले. तरी यंत्रमागाची स्वस्त नक्कल बाजारात येतेच, आणि गिऱ्हाईक बहुधा घडीवरूनच पसंती करते. घडीत काठ तेवढा उठून दिसतो. लुगडे उलगडून पदराच्या आरंभी बोट फिरवले, तर जोडणीच्या फासांची बारीक रेषा हाताला लागते. तिच्यासाठी खर्ची पडलेला वेळ किमतीत धरला जातो की नाही, यावर पुढच्या पिढीतील किती मुले मागावर बसतील हे अवलंबून आहे.