टाळाटाळीचे इंग्रजी

इंग्रजीतल्या फ्रेजल व्हर्ब्ज पाठ करून लक्षात राहत नाहीत, असे विद्यार्थी नेहमी सांगतात. आज त्यांतला एकच गट घेऊ: टाळाटाळीचा. त्याची किल्ली बहुतेकदा क्रियापदापुढच्या छोट्या शब्दात असते.

‘आऊट’ म्हणजे गळ्यात पडलेल्या गोष्टीतून बाहेर. नको असलेले काम टाळले की ‘गेट आऊट ऑफ’. कबूल करून ऐनवेळी माघार घेतली की ‘बॅक आऊट ऑफ’. सबबी सांगत शिताफीने अंग काढून घेतले की ‘रिगल आऊट ऑफ’. ‘ऑफ’मध्ये दूर सारणे आहे. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, ‘ब्रश ऑफ’ म्हणजे समोरच्याचे म्हणणे झटकून टाकणे, तर ‘फॉब ऑफ’ म्हणजे थातुरमातुर उत्तर देऊन बोळवण करणे. ‘ग्लॉस ओव्हर’ ही आपली सारवासारव. आणि ‘स्कर्ट अराउंड’ म्हणजे मूळ मुद्द्याला बगल देणे.

या शेवटच्याचा गाजलेला नमुना ब्रिटनमधला आहे. मे 1997 मध्ये बीबीसीच्या ‘न्यूजनाइट’ कार्यक्रमात जेरेमी पॅक्समन यांनी माजी गृहमंत्री मायकेल हॉवर्ड यांना, तुरुंग प्रशासनाच्या प्रमुखांचा निर्णय डावलण्याची धमकी तुम्ही दिली होती का, असे विचारले. हॉवर्ड आपले अधिकार काय होते, हे सांगत राहिले. ‘हो’ किंवा ‘नाही’ काही येईना. पॅक्समननी तोच प्रश्न दहापेक्षा जास्त वेळा विचारला. ती मुलाखत ऐका, ‘स्कर्ट अराउंड’ पुन्हा शिकवावे लागणार नाही.

रचनेकडेही लक्ष द्या. ‘इट’ आले की ‘पुट इट ऑफ’ असे मध्ये बसते, पण ‘गेट आऊट ऑफ इट’मध्ये शेवटी जाते. पुढे क्रिया आली तर तिला ‘इंग’ लागतो: ‘गेट आऊट ऑफ गोइंग’, इथे ‘टु गो’ चालत नाही.

सर्वांत जपायचे ते दोषारोपाला. पावसामुळे सामना ‘पुट ऑफ’ झाला, यात कुणाला बोल नाही. पण सहकारी कामातून ‘रिगल आऊट’ झाला म्हटले, की तुम्ही त्याला कामचुकार ठरवलेत. म्हणून अर्थाबरोबर शब्दाचा रोखही शिका. परक्या भाषेत नकळत कुणाला दुखावण्याची वेळ मग येणार नाही.